परत आलेलें पत्र

पत्र पाठविणाऱ्या माणसाच्या मनांत दोन प्रकारचीं भयें असतात. आपलें पत्र पोंचणार नाहीं, हें पहिलें भय. आणि तें पोंचलें नाहीं हें आपणांस कळणारच नाहीं, हें दुसरें. व्यवहार जाणणारा माणूस पहिल्यापेक्षां दुसऱ्यालाच अधिक भितो. पत्र परत आलें तर दुसरें लिहितां येतें, माणूस पाठवितां येतो, कांहीं तरी मार्ग काढतां येतो. पत्र तिकडे पोंचलेंही नाहीं आणि इकडे परतलेंही नाहीं, ही अवस्था मात्र व्यवहाराचा घात करते. टपालाच्या व्यवस्थेंत हें दुसरें भय दूर करण्याचे उपाय फार पूर्वींपासून योजलेले आहेत. कागदाचें टपाल मागें पडून ई-मेलचा काळ आला, तरी ते उपाय नव्या रूपानें कायम राहिले. त्यांपैकीं एका उपायाचा, म्हणजे पत्राच्या टप्प्यांवर घातलेल्या मर्यादेचा, येथें विचार करावयाचा आहे.

या विचारास आरंभ करण्यास जालना हें गांव सोयीचें आहे. आजचा जालना जिल्हा १९८१ सालीं अस्तित्वांत आला. परंतु १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत होता. संस्थानाचें टपालखातें स्वतंत्र होतें. त्याचीं तिकिटें १८६९ पासून निघत होतीं आणि तीं संस्थानाच्या हद्दींतच चालत. हद्दीबाहेरच्या पत्रव्यवहारास ब्रिटिश हिंदुस्थानच्या टपालाचा आश्रय करावा लागे. १९५० सालीं संस्थानी टपाल भारतीय टपालांत विलीन झालें आणि हें द्वैत संपलें. तोंवर मात्र एकाच मुलुखांत दोन टपालखातीं नांदत होतीं, आणि पत्र कोणत्या खात्याच्या हातून कोणाच्या हातीं गेलें, हा प्रश्न येथल्या व्यापाऱ्यांस नवा नव्हता.

अशा वेळीं पत्राचा मार्ग सांगणारी एकच विश्वासू वस्तु असे, ती म्हणजे पाकिटावरचे शिक्के. पत्र टाकलें त्या कचेरीचा शिक्का, वाटेंतल्या कचेरीचा शिक्का, आणि पाठीमागें पोंचल्याच्या गांवचा शिक्का. प्रत्येकावर गांवाचें नांव व तारीख. पत्रास उशीर झाला तर कारकुनास बोल लावण्यापूर्वीं शहाणा माणूस पाकीट उलटें करून शिक्के पाही. दोन शिक्क्यांच्या तारखांत अंतर फार दिसलें कीं विलंब कोठें झाला, हें त्यास घरबसल्या समजत असे. पत्र बटवड्यास निघून मालक सापडला नाहीं, तर शिपाई त्यावर तसा शेरा मारी आणि पत्र पाठविणाराकडे परत येई. शिक्का आणि शेरा या दोन साध्या साधनांवर टपालाची सारी पत उभी होती.

ई-मेलची व्यवस्था ज्यांनीं उभारली त्यांनीं हीच दोन साधनें स्वीकारलीं. १९८२ सालच्या ऑगस्टमध्यें अमेरिकेंतील जॉन पोस्टेल यांनीं ई-मेलच्या वाहतुकीचे जे नियम लिहून प्रसिद्ध केले, त्यांत असें ठरविलें आहे कीं, जो संगणक पत्र स्वीकारील त्यानें त्या पत्राच्या माथ्यावर आपली एक ओळ लिहावी. पत्र कोणाकडून मिळालें, कोणीं घेतलें आणि कोणत्या क्षणीं घेतलें, हें त्या ओळींत यावें. ‘मिळालें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दानें ती ओळ सुरू होते, म्हणून तिला ‘रिसीव्हड’ ओळ म्हणतात. पत्रें घेणाऱ्या व पुढें धाडणाऱ्या संगणकास सर्व्हर म्हणतात, आणि एका सर्व्हरपासून दुसऱ्यापर्यंतच्या मजलेस तंत्रज्ञ ‘हॉप’ म्हणतात. मराठींत त्यास टप्पा म्हणण्यास हरकत नाहीं. टप्प्याटप्प्यानें डाक नेण्याची पद्धति आपल्याकडे जुनीच आहे.

सामान्यतः पत्राचे टप्पे फार नसतात. पाठविणाराच्या संस्थेंतील एक किंवा दोन सर्व्हर, घेणाराच्या बाजूस पत्राची तपासणी करणारा एखादा सर्व्हर, आणि शेवटीं ज्याच्यापाशीं पत्रपेटी आहे तो सर्व्हर. मोठ्या संस्थांत तपासणीच्या चौक्या अधिक असतात. तरी प्रामाणिक प्रवासाचे टप्पे बहुधा पांचदहांच्या पलीकडे जात नाहींत. मग ज्या पत्रावर पंचवीस किंवा पन्नास शिक्के बसले आहेत, त्याविषयीं काय म्हणावें? तें पत्र पुढें चाललें नसून कोठें तरी गोल गोल फिरत आहे, असाच तर्क करणें भाग आहे. म्हणून प्रत्येक सर्व्हर पत्र हातीं घेतांच आधीं त्यावरचे शिक्के मोजतो. संख्या ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेली कीं तो पत्र पुढें नेण्याचें नाकारतो, आणि पाठविणारास तसें कळविण्यांत येतें.

ही मर्यादा सर्वत्र सारखी नाहीं. ‘सेंडमेल’ या जुन्या व प्रसिद्ध कार्यक्रमांत ती मुळांत २५ ठेवलेली असते, ‘एक्झिम’मध्यें ३०, आणि ‘पोस्टफिक्स’मध्यें ५०. २००८ सालीं सुधारून प्रसिद्ध झालेल्या नियमांत मर्यादा मोठी, म्हणजे निदान शंभरांची असावी, असा सल्ला दिला आहे. आणि शिक्के मोजण्याची ही रीत सर्वोत्तम नसली तरी परिणामकारक ठरली आहे, अशी प्रांजळ कबुलीही दिली आहे. परत येणाऱ्या निरोपांत ‘टू मेनी हॉप्स’ म्हणजे टप्पे फार झाले, किंवा ‘हॉप काउंट एक्सीडेड, पॉसिबल मेल लूप’ म्हणजे मर्यादा ओलांडली, पत्र फेऱ्यांत सांपडलें असावें, अशीं वाक्यें असतात. त्यांच्याबरोबर ५५४ आणि ५.४.६, किंवा मायक्रोसॉफ्टच्या सेवेंत ५.४.१४, असे आंकडे दिसतात. यांतील आरंभींचा पांच महत्त्वाचा आहे. आंकडा चारानें सुरू झाला तर अडचण तात्पुरती असते आणि सर्व्हर आपण होऊन कांहीं दिवस पुन्हां पुन्हां प्रयत्न करतो. पांचानें सुरू झाला तर तो निकाल कायमचा. पुन्हां प्रयत्न होणार नाहीं.

आतां हा प्रसंग व्यवहारांत कसा घडतो, तें एका कल्पित उदाहरणानें पाहूं. जालना हें बियाण्यांच्या व्यापाराचें मोठें केंद्र आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं येथें महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी, म्हणजे ‘महिको’, स्थापिली, आणि पुढें या शहरांत बियाण्यांच्या अनेक पेढ्या उभ्या राहिल्या. अशीच एक मध्यम प्रतीची पेढी कल्पावी; कोणतीही खरी पेढी येथें अभिप्रेत नाहीं. मे महिन्याचे अखेरचे दिवस आहेत. मृगाचा पाऊस पडला कीं शेतकरी दुकानाच्या दारांत उभा राहणार. मंठ्याचा एक कृषि सेवा केंद्रचालक सोयाबीनच्या बियाण्याची मागणी ई-मेलनें जालन्यास पाठवितो. पांच मिनिटांत त्याच्याकडे इंग्रजींतला एक लांबलचक निरोप येतो. तो अर्धा वाचून त्यास वाटतें कीं, ही कांहीं तरी यंत्राची कटकट असेल. आणि तो स्वस्थ बसतो. पेढीच्या विक्री-व्यवस्थापकास तर कांहींच ठाऊक नाहीं. कारण परत आलेला निरोप पाठविणाराकडे जातो, घेणाराकडे नव्हे. चार दिवसांनीं दुकानदार संतापून दूरध्वनि करतो, ‘मागणी पाठवून आठवडा होत आला, माल कुठे आहे?’ व्यवस्थापक म्हणतो, ‘अहो, तुमची मागणी आलीच नाहीं.’ दोघेही खरें बोलत असतात, आणि दोघांसही वाटतें कीं दुसरा थाप मारतो.

वस्तुस्थिति अशी असते कीं, पेढीनें आपलीं पत्रें जुन्या, कचेरींतल्याच सर्व्हरवरून एका बाहेरच्या कंपनीच्या नव्या सेवेकडे नेण्यास आरंभ केलेला आहे. काम एका दिवसांत होण्यासारखें नव्हतें. म्हणून अर्ध्या माणसांच्या पत्रपेट्या नव्याकडे गेल्या, अर्ध्या जुन्याकडे राहिल्या. मधल्या काळासाठीं तंत्रज्ञानें दोन आज्ञा लिहून ठेवल्या. जुन्या सर्व्हरला सांगितलें, ‘जो माणूस तुझ्याकडे नाहीं त्याचें पत्र नव्याकडे धाड.’ नव्याला सांगितलें, ‘जो माणूस तुझ्याकडे नाहीं त्याचें पत्र जुन्याकडे धाड.’ एकेकटी पाहिली तर प्रत्येक आज्ञा शहाणपणाची आहे. परंतु मे महिन्यांत पेढींत एक नवा व्यवस्थापक आला. त्याचें नांव पत्रिकांवर छापलें गेलें, दुकानदारांस कळविलें गेलें. पत्रपेटी मात्र ना जुन्याकडे उघडली, ना नव्याकडे. मंठ्याचें पत्र नव्या सर्व्हरपाशीं आलें. त्यानें तें जुन्याकडे धाडलें, जुन्यानें नव्याकडे, नव्यानें पुन्हां जुन्याकडे. ‘हा माणूस आमच्याकडे नाहीं’ असें स्पष्ट सांगण्याचा अधिकार दोघांपैकीं एकालाही दिलेला नव्हता. शिक्क्यांची मर्यादा नसती, तर हें पत्र आजही फिरत राहिलें असतें.

अशा फेऱ्यांचे आणखीही कांहीं प्रकार आहेत. एक गृहस्थ रजेवर जातांना आपलीं पत्रें सहकाऱ्याकडे वळवून जातो. पुढें तो सहकारी गांवीं जातो आणि आपलीं पत्रें पहिल्या गृहस्थाकडे वळवितो. दोघांचे सर्व्हर निरनिराळे असले कीं चक्र पुरें होतें. दुसरा प्रकार नांवनिशीच्या वहींतील चुकीचा. एखाद्या संस्थेचीं पत्रें कोणत्या सर्व्हरकडे न्यावयाचीं, याची नोंद इंटरनेटच्या सार्वजनिक वहींत, म्हणजे डीएनएसमध्यें, असते. त्या नोंदीस ‘एमएक्स’ म्हणतात. कागदी टपालांत एकाच नांवाच्या अनेक गांवांमुळें होणारा घोटाळा टाळण्यासाठीं श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्यानें पिनकोडची योजना आंखली, आणि ती १५ ऑगस्ट १९७२ पासून अंमलांत आली. जालन्याचें पत्र ४३१२०३ या आंकड्यावरून वाट ओळखतें, तसें ई-मेलचें पत्र एमएक्सवरून ओळखतें. आतां समजा, संस्थेनें एमएक्सवर पत्रें तपासणाऱ्या चौकीचें नांव घातलें, आणि तपासणी झाल्यावर पत्र कोठें न्यावयाचें हें त्या चौकीस निराळें सांगितलेंच नाहीं. मग ती चौकी पुन्हां वहींत पाहते, तेथें स्वतःचेंच नांव वाचते, आणि पत्र स्वतःलाच धाडूं लागते.

या साऱ्या प्रकारांवर एक उपाय फार लवकर सुचतो, आणि तो चुकीचा असतो. मर्यादा पंचविसांची असेल तर शंभरांची करावी, म्हणजे पत्र पार पडेल, असें अनेकांस वाटतें. परंतु फेऱ्यांत सांपडलेल्या पत्रास अधिक टप्पे दिल्यानें तें अधिक फेरे घेतें, इतकेंच. सर्व्हरवरचा भार चौपट होतो, परतीचा निरोप उशिरां येतो, आणि पत्र होतें तेथेंच राहतें. मर्यादा वाढविणें एकाच परिस्थितींत योग्य ठरतें. पत्राच्या माथ्यावर प्रत्येक सर्व्हरचें नांव वेगळें असेल, कोणतेंही नांव फिरून येत नसेल, आणि केवळ वाट लांब असल्यामुळें संख्या वाढली असेल, तर पत्र प्रामाणिक आहे व मर्यादाच तोकडी आहे. असें क्वचित् घडतें. पण तें घडलें आहे कीं नाहीं, हें शिक्के वाचल्यावांचून ठरवितां येत नाहीं.

म्हणून पहिलें काम शिक्के वाचण्याचें. ते पाठविणाराकडे असतात, हें विसरूं नये. परत आलेल्या निरोपाचें केवळ छायाचित्र मागवून भागत नाहीं; तो निरोप आहे तसा, मूळ पत्राच्या संपूर्ण माथ्यासह, जोडपत्र म्हणून मागवावा. माथा वाचतांना तो खालून वर वाचावा. कारण प्रत्येक सर्व्हर आपली ओळ आधींच्या ओळींच्या वर लिहितो, म्हणून सर्वांत जुना शिक्का तळाशीं असतो. वेळा वाचतांना घड्याळांचा भेद ध्यानांत घ्यावा. भारतांतला सर्व्हर सकाळचे १०.१५ लिहून पुढें अधिक ०५३० अशी खूण करील, आणि परदेशांतला तोच क्षण ४.४५ म्हणून लिहील. यांत विलंब कांहीं नाहीं. अशा रीतीनें वर वर जातां जातां आधीं तीनचार वेगळीं नांवें येतात, आणि मग एकाएकीं दोनच नांवें आलटून पालटून दिसूं लागतात. जेथून तीं दोन नांवें फिरून येऊं लागलीं, तेथेंच रोग आहे. क्वचित् एकच नांव पुन्हां पुन्हां येतें. तेव्हां तो सर्व्हर स्वतःलाच पत्र धाडीत आहे, असें समजावें.

दुसरें काम हें पाहण्याचें कीं, अडचण एका माणसाची आहे कीं साऱ्या संस्थेची. एकाच पत्त्याचीं पत्रें परत येत असतील, तर त्या माणसाची पत्रपेटी आहे कीं नाहीं, आणि त्यानें पत्रें कोणाकडे वळविलीं आहेत काय, तें पाहावें. साऱ्यांचींच पत्रें परत येत असतील, तर एमएक्सची नोंद आणि त्या दोन सर्व्हरांस दिलेल्या आज्ञा तपासाव्या. मूळ नियम एकच ध्यानांत धरावयाचा: एका संस्थेच्या पत्रांविषयीं शेवटचा शब्द बोलणारा सर्व्हर एकच असला पाहिजे. ज्यास माणूस ठाऊक नाहीं, त्यानें इतरांकडे बोट दाखवावें. पण शेवटच्यानें ‘असा माणूस येथें नाहीं’ असें सांगून पत्र परत करावें. वरच्या उदाहरणांतील पेढीनें नव्या व्यवस्थापकाची पत्रपेटी उघडली म्हणजे मंठ्याची अडचण मिटेल. परंतु शेवटचा अधिकार दोघांपैकीं एकाकडे दिला नाहीं, तर पुढच्या नव्या माणसाच्या वेळीं, किंवा कोणी पत्त्यांत एक अक्षर चुकविलें त्या वेळीं, चक्र पुन्हां सुरू होईल.

दुरुस्ती झाल्यावर एकच परीक्षापत्र बाहेरच्या पत्त्यावरून पाठवावें आणि त्याचे शिक्के मोजावे. एमएक्सची नोंद बदलली असेल तर थोडा धीर धरावा. जुनी नोंद इतर सर्व्हरांच्या स्मरणांत कांहीं तास, कधीं एक दिवसही, राहते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, परत गेलेलीं पत्रें आपोआप पुन्हां येत नाहींत. मधल्या दिवसांत ज्यांनीं ज्यांनीं पत्रें पाठविलीं असतील, त्यांस दूरध्वनि करून तीं पुन्हां धाडावयास सांगितलें पाहिजे. अनेक ठिकाणीं तंत्रज्ञ दोष काढून मोकळा होतो आणि हें काम कोणाचेंच राहत नाहीं. सर्व्हर सुधारतो, पण मागणी बुडते ती बुडतेच.

या व्यवस्थेंतील आणखी दोन गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. परतीचा निरोप स्वतःही फेऱ्यांत सांपडूं नये म्हणून त्याच्या पाकिटावर पाठविणाराची जागा मुद्दाम कोरी ठेवतात. तो निरोप पोंचला नाहीं, तर त्याविषयीं पुन्हां निरोप निघत नाहीं. नाहीं तर तक्रारींवर तक्रारींची रास सांचली असती. दुसरी गोष्ट अशी कीं, पत्रें घेणाऱ्या प्रत्येक संस्थेनें ‘पोस्टमास्टर’ या नांवाचा पत्ता चालूं ठेवलाच पाहिजे, असा नियम आहे. टपालांत घोटाळा झाला तर पोस्टमास्तराकडे जावें, ही रीत येथेंही कायम आहे. परंतु त्या पत्त्यावर आलेलीं पत्रें कोणी तरी रोज वाचलीं पाहिजेत, आणि सारी संस्थाच फेऱ्यांत सांपडली असेल तर पोस्टमास्तराचें पत्रही फिरत राहील, हेंही ओळखलें पाहिजे. म्हणून पेढीच्या पत्रिकेवर ई-मेलबरोबर दूरध्वनीचा क्रमांकही छापलेला असणें, हें जुनाट वळण नव्हे.

मंठ्याच्या दुकानदाराकडून चूक एवढीच झाली कीं, परत आलेला निरोप त्यानें अर्धा वाचून सोडून दिला. त्यानें तोच निरोप जालन्यास धाडला असता, किंवा ‘तुमच्याकडून पत्र परत आलें’ एवढें तोंडानें कळविलें असतें, तर दोष त्याच दिवशीं सांपडला असता, बियाण्याच्या पिशव्या मृगापूर्वीं मंठ्यास उतरल्या असत्या, आणि दोन भल्या माणसांनीं एकमेकांस खोटें ठरविलें नसतें. पंचवीस शिक्के बसलेलें पत्र ज्या सर्व्हरनें नाकारलें, त्यानें आपलें काम चोख केलें होतें. आलेला निरोप शेवटपर्यंत वाचणें, एवढें काम तेवढें माणसाकडे उरलें होतें.